दमणची धावपट्टी : वसईच्या जुन्या उत्तर प्रांताचे शेवटचे दार

२१ जुलै १९५४. दमणचा पोर्तुगीज गव्हर्नर भारताचा व्हिसा घेऊन दादरा येथे गेला आणि परतला. दमण पोर्तुगालचे, दादराही पोर्तुगालचे. मधला काही किलोमीटरांचा पट्टा मात्र भारताचा. आपल्याच अखत्यारीतील गावाला जाण्यासाठी गव्हर्नरला शेजारच्या देशाची परवानगी काढावी लागत होती. त्या दिवशी ती मिळाली. रात्र उलटते न उलटते तोच दादऱ्याचे पोलीस ठाणे आंदोलकांच्या हाती पडले, आणि तो रस्ता पोर्तुगीज अंमलदारांना पुन्हा कधीच खुला झाला नाही.

या बंद झालेल्या रस्त्यापोटी एक विमानतळ जन्माला आला. आकाराने लहान, आजूबाजूला शेते, ताडामाडाची झाडे आणि कोळीवस्त्या, आणि अवघ्या ७२ चौरस किलोमीटरांच्या प्रदेशासाठी बांधलेला. पालघर जिल्ह्याच्या उत्तर वेशीपासून तो चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. तरीही या भागाच्या इतिहासात त्याचा उल्लेख सहसा होत नाही.

हा विमानतळ समजून घ्यायचा तर सुरुवात वसईच्या किल्ल्यातून करावी लागते.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई आणि तिच्या अंमलाखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५३५ मध्ये दीव येथे त्यांचा किल्ला उभा राहिला, १५५९ मध्ये दमण त्यांच्या ताब्यात आले. गोव्यापासून दूर असलेल्या या साऱ्या किनारपट्टीचा कारभार ‘उत्तर प्रांत’ म्हणून चाले आणि त्याची राजधानी वसई होती. उत्तरेचा सेनापती येथेच राही. चौल, साष्टी, ठाणे, माहीम, तारापूर, डहाणू, दमण ही सगळी नावे एकाच माळेतील मणी होती, आणि माळेचा दोरा होता समुद्र. किल्ल्यांमधील जमीन कोणाची आहे याची पोर्तुगीजांना फारशी फिकीर नव्हती. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गलबत पोहोचले की साम्राज्य शाबूत राहिले, असा त्यांचा हिशेब होता. वसईच्या किल्ल्याचा नकाशा पाहिला तरी हे ध्यानात येते: तीन बाजूंना पाणी आणि एकाच बाजूला जमीन.

तो हिशेब चिमाजी अप्पांनी मोडला. १७३७ मध्ये साष्टी आणि ठाणे गेले. १७३९ च्या आरंभी माहीम, डहाणू, तारापूर ही ठाणी एकामागून एक पडली. तारापूरच्या तटाखाली बाजी भिवराव कामी आला. मे १७३९ मध्ये सुरुंगांनी वसईचा तट फुटला आणि शरणागतीचा तह झाला. पुढच्याच वर्षी चौलही मराठ्यांकडे गेले. उत्तर प्रांताचे उरले ते दोन तुकडे, दमण आणि दीव. राजधानी गेली, प्रांत गेला, आणि या दोन ठाण्यांचे गोव्याशी नाते तेवढे टिकले, तेही समुद्रामार्गे.

येथे कथेत एक जहाज येते. मराठा आरमाराच्या हातून ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान झाले. त्याची भरपाई हा पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यातील वाटाघाटींचा एक विषय होता. १७ डिसेंबर १७७९ च्या पुण्याच्या तहात असे ठरले, की दमणच्या बाजूची १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यावीत. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून आत, डोंगर-जंगलाच्या पट्ट्यात. ज्यांचे सारे बळ पाण्यावर, त्यांच्या पदरी चारही बाजूंनी जमिनीने वेढलेली गावे पडली. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी हा विचार मुद्दाम केला होता असे म्हणण्यास आधार नाही. पण याहून अवघड देणगी शोधून सापडली नसती.

इंग्रजांच्या काळात ही अडचण जाणवली नाही. दमणहून सिल्वासाला जाणारा माणूस इंग्रजी मुलुखातून ये-जा करी. मुंबई-बडोदा रेल्वेमार्गावरील वापी हे दमणचे स्टेशन होते. टपाल, किराणा, पाहुणे, अंमलदार, सगळे वापीवरून. दमणकर मुंबईत नोकरीला येत, बोरिवली-विरारमार्गे घरी परतत. पोर्तुगीज दमणचे रोजचे आयुष्य ब्रिटिश भारताच्या रुळांवर चालले होते. ते रूळ एके दिवशी दुसऱ्या कोणाच्या हाती जातील, ही शक्यता लिस्बनमध्ये कोणी फारशी मनावर घेतली नाही.

१९४७ मध्ये ते हात बदलले. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी गोवा, दमण, दीव हे ‘वसाहती’ नसून पोर्तुगालचेच प्रांत आहेत, अशी भूमिका घेतली. वाटाघाटींना जागाच उरली नाही. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. आणि १९५४ च्या पावसाळ्यात दादरा आणि नगर हवेली हातची गेली.

हा लढा महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. उंबरगाव तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाल्यावर तो गुजरातेत गेला. २२ जुलैला दादरा मुक्त करणारे युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे कार्यकर्ते, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, आणि वारली आदिवासींमध्ये रुजलेला गोदावरी व शामराव परुळेकर यांचा कम्युनिस्ट पक्ष, असे एरवी एका ओळीत न बसणारे गट या एका उद्दिष्टावर एकाच जंगलात उतरले होते. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून ख्याती पावलेले बाबासाहेब पुरंदरे हे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा घेणाऱ्या तुकडीत होते. दादऱ्याच्या ठाण्यावर पोर्तुगीजांच्या बाजूने लढताना मारला गेलेला उपनिरीक्षक आनिसेतो रोझारियो याचे नाव मात्र मराठी वर्णनांत क्वचित येते. तेही नोंदवायला हवे.

पोर्तुगालकडे दमणमध्ये सैन्य होते. सिल्वासा तेथून साधारण २५ किलोमीटर. परंतु भारताने सैन्याला, पोलिसांना, अधिकाऱ्यांना, कोणालाच वाट दिली नाही. इतक्या थोड्या अंतरावरचा मुलूख हातातून निसटताना दमणच्या तटावर उभे राहून पाहत बसणे एवढेच त्यांच्या हाती राहिले.

पुढचे वर्ष अधिक कठीण गेले. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींसह गोव्यात शिरले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर हजारो निःशस्त्र सत्याग्रही पोहोचले आणि पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. त्यानंतर भारताने गोव्यातील वाणिज्य दूतावास बंद केला, रेल्वे वाहतूक थांबली, आर्थिक नाकेबंदी आवळली गेली. गोव्याच्या बाजारात नेदरलँड्सचे बटाटे, जपानचे सिमेंट आणि सिलोनचा चहा दिसू लागला. ज्या प्रदेशाच्या दारात देशाची बाजारपेठ, त्याने बटाट्यासाठी युरोपकडे पाहावे, हा प्रकार विलक्षणच होता.

गोव्याला निदान मुरगावचे बंदर होते. दमणची स्थिती वेगळी. दमणगंगेच्या मुखाशी मोठी जहाजे येत नाहीत. पावसाळ्यात या किनाऱ्यावर होड्यासुद्धा ओढून ठेवाव्या लागतात. वापीचा रस्ता बंद, समुद्र चार महिने रुसलेला. उरले आकाश.

अशा परिस्थितीत दाभोळी, दमण आणि दीव या तीन ठिकाणी विमानतळ उभे राहिले. एकाच वेळी, एकाच हेतूने. दाभोळीच्या विमानतळाला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदेश यांचे नाव देण्यात आले. १९५५ मध्ये या तीन धावपट्ट्यांना जोडणारी सरकारी विमानसेवा सुरू झाली. तिचे नाव ‘ट्रान्सपोर्तेस एरेओस दा इंडिया पोर्तुगेझा’, म्हणजे ‘पोर्तुगीज भारताची हवाई वाहतूक’. आद्याक्षरांवरून लोक तिला ‘ताइप’ म्हणत.

ताइपने आरंभी निवडलेले विमान होते डी हॅविलँड हेरॉन. लहान विमानतळाचा इतिहास बहुधा विमानाच्या इतिहासातच दडलेला असतो, म्हणून येथे थोडे थांबावे. हेरॉनला चार छोटी पिस्टन इंजिने असत आणि चौदा ते सतरा प्रवासी बसत. वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या आतबाहेर. ते बनवलेच होते अशा ठिकाणांसाठी, जेथे धावपट्टी आखूड असते, दुरुस्तीची सोय बेताची असते आणि प्रवासी मूठभर असतात. दोनऐवजी चार इंजिने असल्याने समुद्रावर एखादे बंद पडले तरी विमान तरून जाई. दमणसाठी ही गोष्ट चैनीची नव्हती, कारण या मार्गाचा जवळजवळ सारा प्रवास पाण्यावरून होता.

त्याचे कारण कायद्यात आहे. १९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम सांगते, की प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व असते. जमिनीवरची वाट ज्याने अडवली, त्याच्याच हाती वरचे आकाशही होते. म्हणून गोवा, दमण, दीव आणि कराची असा मार्ग आखला गेला, आणि विमाने भारतीय भूमी टाळून अरबी समुद्रावरून जाऊ लागली.

अंतरे पाहा. दाभोळी ते दमण सरळ रेषेत सुमारे ५६० किलोमीटर. दमण ते दीव खंबातच्या आखाताच्या मुखावरून सुमारे २००. दीव ते कराची सुमारे ६००. नकाशावर ही रेघ ओढली तर ती मुंबई, वसई, अर्नाळा, केळवे, डहाणू यांच्या समोरच्या समुद्रातून वर सरकते. उत्तर प्रांताच्या काळात गलबते ज्या वाटेने ये-जा करत, जवळजवळ त्याच वाटेने दोनशे वर्षांनंतर हेरॉन उडू लागले. फरक एवढाच, की वाटेतल्या एकाही ठाण्यावर आता उतरता येत नव्हते.

आणि शेवटचा थांबा कराची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा याच कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाची पिशवी घेऊन निघाले होते, अहमदाबादला बैलगाडीतून आलेल्या डब्यांतील पेट्रोल भरून जुहूच्या मातीच्या मैदानावर उतरले होते. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ ज्या कराची-मुंबई मार्गाने झाला, तोच किनारा आता मुंबईला वळसा घालण्यासाठी वापरला जात होता. पाकिस्तानने ताइपला उतरू दिले नसते, तर दमणच्या धावपट्टीचा उपयोग गोव्यापर्यंतच मर्यादित राहिला असता. कराचीमुळे तिला जग मिळाले. पुढे ताइपने डीसी-४ सारखी मोठी विमानेही घेतली.

ही सेवा नागरी होती की लष्करी? कागदोपत्री नागरी. व्यवहारात मात्र वेढ्यात सापडलेल्या प्रदेशात हा भेद फार काळ टिकत नाही. ज्या विमानातून टपाल येते, त्यातूनच सरकारी हुकूमही येतो. दमणच्या सामान्य रहिवाशाच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न आणखी निराळा आहे. ज्याचे सोयरे वापी-वलसाडला, ज्याचा बाजार पारडीला, त्याला बारा किलोमीटरांवरच्या स्टेशनाऐवजी कराचीचे विमान देऊ करण्यात आले होते. विमानतळाने दमणला लिस्बनच्या जवळ आणले खरे. शेजाऱ्यापासून झालेली ताटातूट मात्र तो भरून काढू शकत नव्हता.

तसेच सिल्वासाचेही. दमणहून विमान समुद्रापार जाऊ शके, पण पाठीमागच्या २५ किलोमीटरांवरील नगर हवेलीला जाऊ शकत नव्हते; तेथे जाण्यासाठी भारतीय आकाशच ओलांडावे लागे. हवाई मार्गाने न सुटणारा हा तिढा सोडवण्यासाठी पोर्तुगालने तिसरी वाट धरली: हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय.

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला. २२ तारखेला भारताविरुद्ध दावा दाखल केला. आठ दिवसांत तिन्ही गोष्टी उरकल्या. घाई लपण्यासारखी नव्हती. मागणी अशी, की दमण ते दादरा-नगर हवेली हा मार्ग वापरण्याचा आमचा हक्क आहे आणि भारताने तो मोडला.

या खटल्याचे वाचन इतिहासप्रेमींनी अवश्य करावे, कारण हेगच्या त्या दालनात वाद चालला होता तो पेशवे दरबाराच्या कागदांवर. १७७९ च्या तहाने पोर्तुगालला सार्वभौमत्व दिले, असे पोर्तुगालचे म्हणणे. मराठी भाषेतील मूळ शब्द आणि पोर्तुगीज भाषांतर यांतील अंतर मोजले गेले. ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे जगभरातून आलेल्या न्यायाधीशांना ठरवावे लागले. सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क, राज्य नव्हे, हे पुण्याच्या दफ्तरातील कोणत्याही कारकुनाने एका वाक्यात सांगितले असते. न्यायालयानेही तेच म्हटले: मराठ्यांनी दिला तो महसुलाचा अधिकार, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांना तेथील सत्ताधीश म्हणून मानले आणि सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीतून येण्याजाण्याचा काही हक्क निर्माण झाला, असाही निष्कर्ष काढला.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट मिळण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता. आणि १९५४ च्या तणावाच्या परिस्थितीत भारताने जे केले, ते त्याच्या जबाबदारीविरुद्ध नव्हते. भारतातर्फे महान्यायवादी मो. चि. सेटलवाड यांनी बाजू मांडली. भारताने नेमलेले खास न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. पोर्तुगालला तत्त्व मिळाले, रस्ता मिळाला नाही. सैन्याविना राज्य परत घेता येत नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

तोपर्यंत नगर हवेली सहा वर्षे ‘मुक्त’ होती: पोर्तुगालची नाही आणि अजून भारताचीही नाही. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. १९६१ च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाचा करार करायची वेळ आली, तेव्हा पंतप्रधान नेहरूंबरोबर सही करायला समपदस्थ माणूस हवा म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय अधिकाऱ्याला एका दिवसापुरते दादरा व नगर हवेलीचे पंतप्रधान करण्यात आले. राज्यशास्त्राच्या पुस्तकात शोभणार नाही असा हा प्रसंग आहे, पण खरा आहे.

आता राहिले गोवा, दमण आणि दीव. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी जहाजावर गोळीबार झाला. डिसेंबरमध्ये फौजा सरहद्दीवर जमू लागल्या. १४ डिसेंबरला सालाझार यांनी गव्हर्नर जनरल वासालु ए सिल्वा यांना संदेश धाडला, त्याचा आशय असा, की शरणागती नको. सैनिक विजयी तरी व्हावेत किंवा मरावेत.

‘ऑपरेशन विजय’ १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे सुरू झाले, आणि त्या दिवशीच्या भारतीय लक्ष्यांची यादी पाहिली तर नाकेबंदी फोडणारे ते तिन्ही विमानतळ तीत ठळकपणे दिसतात. दाभोळीवर विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले; प्रवासी इमारत आणि उभी असलेली विमाने मात्र मुद्दाम वाचवली. दीवला नियंत्रण मनोरा, बिनतारी केंद्र आणि हवामान केंद्र लक्ष्य झाले.

दमणवर निघालेली तुकडी होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, ‘जंगी पलटण’. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल एस. जे. एस. भोसले यांचे. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली आणि उत्तर प्रांताचा उरलेला तुकडा २२२ वर्षांनी मराठा पलटणीने घेतला, असे लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. तो थोडा आवरावा. ही पलटण १७६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत उभी केलेली. तिचा आरंभीचा इतिहास पेशव्यांच्या बाजूचा नव्हे. इतिहासातील योगायोग सुंदर असतात, पण त्यांची वंशावळ तपासली की ते तितके सरळ राहत नाहीत.

पहाटे चारच्या सुमारास हल्ला सुरू झाला. मुख्य लक्ष्य विमानतळ. तो नानी दमणच्या, म्हणजे दमणगंगेच्या उत्तर तीरावरील वस्तीच्या बाजूला आहे. गव्हर्नरचे ठाणे दक्षिण तीरावर, मोटी दमणच्या किल्ल्यात. मध्ये नदी. पोर्तुगीज फौज मुळातच थोडी, तीही दोन तीरांवर विभागलेली. ‘ए’ कंपनीने नियंत्रण मनोऱ्यावर चाल केली. दिवसभरात हवाई दलाच्या मिस्टेअर विमानांनी १४ उड्डाणे करून तोफांच्या जागांवर मारा केला. भारतीय तोफखाना मोटी दमणवर गोळे टाकत होता.

पोर्तुगीज सैनिक धावपट्टीच्या परिसरात अडकले, पण रात्रभर टिकून राहिले. दमणची ‘अंतारेस’ ही छोटी गस्तनौका संध्याकाळी काळोख पडल्यावर निसटली आणि ५०० मैलांहून अधिक अंतर कापून २० तारखेला कराचीला पोहोचली. पुन्हा कराचीच. वेढ्यातून निसटणाऱ्या प्रत्येकाला तीच एक दिशा माहीत होती.

त्याच रात्री दाभोळीलाही तेच घडले. बॉम्बने उखडलेल्या धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करून पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन दोन विमाने अंधारात उडाली: पोर्तुगालच्या राष्ट्रीय विमान कंपनीचे एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि ताइपचे एक डीसी-४. दोन्ही कराचीला सुखरूप उतरली. भारतीय वैमानिकांनी दिवसा उभी विमाने वाचवली, ती रात्री अशी कामी आली.

१९ डिसेंबरच्या सकाळी दमणचा शेवट जवळ आला. गव्हर्नर मेजर आंतोनियो बोझ दा कोश्ता पिंतो जखमी झाले होते. विमानतळावरील सैनिक आपल्या वरिष्ठाच्या आदेशाखेरीज शस्त्रे ठेवायला तयार नव्हते. तेव्हा गव्हर्नरांना स्ट्रेचरवर घालून धावपट्टीवर नेण्यात आले, आणि तेथे सकाळी अकराच्या सुमारास शरणागती झाली. सुमारे ६०० सैनिक व पोलीस कैद झाले. दमणच्या लढाईत भारताचे ४ जवान कामी आले, १४ जखमी झाले. पोर्तुगीजांचे १० जण मारले गेले.

वसईची शरणागती किल्ल्यात झाली होती. दमणला किल्ले दोन आहेत, मोटी दमणचा आणि नदीपलीकडचा नानी दमणचा, आणि दोन्हींचे तट आजही भक्कम उभे आहेत. तरी निर्णायक क्षण तेथे आला नाही. तो आला सहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका विमानतळावर, कारण दमण जिवंत ठेवणारी जागा आता तीच होती.

गव्हर्नर जनरल वासालु ए सिल्वा यांनी १९ तारखेच्या संध्याकाळी गोव्यात शरणागती पत्करली. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारान्वये पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ताइपचा मार्ग १९६१ मध्येच संपला होता. वापीचा रस्ता खुला झाला आणि कराचीला जाण्याचे कारणच उरले नाही.

तीन धावपट्ट्यांचे नशीब पुढे वेगवेगळे निघाले. दाभोळी नौदलाकडे गेली आणि कालांतराने पर्यटकांनी गजबजली. दीवला प्रवासी विमाने उतरू लागली. दमणची धावपट्टी १९८० च्या दशकात तटरक्षक दलाकडे आली. समुद्रात भरकटलेल्या होड्या शोधणारी, किनाऱ्यावर नजर ठेवणारी डॉर्नियर विमाने तेथून उडतात. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या विमानांपैकी काही तिथलीच. गोवा १९८७ मध्ये राज्य झाल्यावर दमण-दीव वेगळे झाले, आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. १९५४ च्या जुलैमध्ये तुटलेला दमण-दादरा संबंध कागदावर पुन्हा जुळला, तो असा.

या किनाऱ्यावर पुन्हा एकदा धावपट्टीची भाषा सुरू आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि त्या परिसरात मुंबईसाठी आणखी एक विमानतळ उभारण्याचा विचारही सरकारने बोलून दाखवला आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा बंदरालाच विरोध आहे. तारापूर आणि डहाणू यांच्या मधला हा समुद्र. एके काळी गोव्याहून दमणला जाणारे हेरॉन त्याच्याच बाहेरून, किनारा टाळून, उत्तरेकडे जात असत.